आमच्या भागात ताप नाही

साथीच्या बातम्यांत रोज सांगायचे, आपल्या भागात एकालाही ताप नाही. माझी दीड वर्षांची लेक मात्र सकाळपासून अशी तापली होती की कडेवर घेतलं तर माझा खांदा पोळत होता.

तपासणीवाल्या ताई आल्या. लेकीच्या कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरलं आणि वहीत लिहिलं, सत्त्याण्णव पॉइंट चार. मग माझं बघितलं. तेही सत्त्याण्णव पॉइंट चार. सासूबाईंचंही तेवढंच.

"अगं बाई, सगळं घर एकाच साच्यातलं!" सासूबाई म्हणाल्या.

"ताई, पोरीच्या अंगाला हात तरी लावून बघा," मी म्हटलं.

"हात लावायचा नाही असा नियम आहे. आणि यंत्र वरून आलंय, ते कशाला खोटं बोलेल? तुम्हाला आपला सारखा संशय."

मी लेकीला घेऊन त्यांना स्वयंपाकघरात नेलं. शेगडीवरून नुकतंच उतरवलेलं दूध वाफाळत होतं.

"आता ह्याचा ताप बघा."

सत्त्याण्णव पॉइंट चार.

सासूबाईंना हसू आवरेना. मी लेकीला शालीत गुंडाळलं आणि चपला घातल्या. "तुमच्या वहीत काय हवं ते लिहा. मी निघाले डॉक्टरांकडे."

यंत्राकडे बघत ताई एकदम म्हणाल्या,



"थांबा, मीही येते. माझं बाळ दोन दिवस मलूल पडलंय. रोज ह्यानंच बघून, ताप नाही म्हणून, त्याला घरी ठेवून निघते मी."