पिवळ्या रेकॉर्डची दुसरी बाजू

"नवव्या मिनिटाला ड्रमरनं हात टेकले, बाकी काही नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याला साधना म्हणताय!"

"हात टेकलेला माणूस असा थांबत नाही," डॉक्टर म्हणाले. "अकरा सेकंद शांतता. मग पुढची तेरा मिनिटं ड्रमशिवाय. छाती लागते त्याला."

रविवारची सकाळ होती. दातांचा दवाखाना बंद होता. पेशंट बसतात त्या खोलीत, मासिकांचा गठ्ठा बाजूला सारून, डॉक्टरांनी रेकॉर्ड प्लेअर मांडला होता. आठवडाभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्या तोंडात कापूस. उलटून बोलणारं माणूस त्यांना रविवारीच मिळायचं. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि उलटून बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

वाद एकाच रेकॉर्डवरून होता. तिला नाव नव्हतं, नुसतं पिवळं कव्हर. ड्रम्स, गिटार आणि बेस गिटार वाजवणारे तिघं एका स्टुडिओत शिरले होते. गाणं ठरलेलं नाही, तालीम नाही. टेप चालू करून सुचेल तसं वाजवत गेले. तीनशे प्रती निघाल्या. त्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. दोन या खोलीत होत्या.

"आणि तो बेस गिटारवाला," बाई म्हणाल्या, "शेवटपर्यंत तेच चार सूर. पाढे पाठ करतोय जणू. त्याला पुढचं काही सुचतच नव्हतं."

"सुचत होतं. तो मुद्दाम पुढे जात नव्हता."

"कशावरून?"

"आत्ता कळेलच," डॉक्टर म्हणाले, कारण तेवढ्यात बेल वाजली.

दारात चष्मेवाले काका उभे होते. सत्तरीचे, इस्त्रीच्या शर्टातले. बाई त्यांच्याकडे नवीन भिंगं बसवायला गेल्या होत्या, तेव्हा पावतीवरचं नाव वाचून चमकल्या होत्या. पिवळ्या कव्हरच्या मागे तेच नाव बारीक अक्षरात होतं, ड्रम्सच्या पुढे. "तुम्ही कधी वाजवायचात का हो?" असं विचारल्यावर काकांनी आधी दुकानात इकडेतिकडे पाहिलं होतं.

"मी ती ऐकलेली नाही," खुर्चीत टेकता टेकता त्यांनी सांगून टाकलं. "निघाली एवढं कानावर आलं होतं. घेतली नाही."

"स्वतःची रेकॉर्ड?" डॉक्टरांचा विश्वास बसेना.

"लावा तर खरी."

डॉक्टरांनी दुसरी बाजू लावली. काका पहिल्यांदा अवघडून बसले होते. मग त्यांचा पाय हलायला लागला. "बरा वाजवायचो की मी," ते मध्येच म्हणाले, आणि बाईंना हसू आलं. सातव्या मिनिटाला लय चढली, आठव्याला आणखी चढली. नवव्याला ड्रम थांबले.

डॉक्टर आणि बाई रेकॉर्डकडे नव्हे, काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"इथेच," बाई हळूच म्हणाल्या. "काय झालं होतं?"

"गिटारवाल्यानं हातानं खूण केली, हळू. तिसऱ्यांदा. मी स्टिक खाली ठेवल्या आणि उठून बाहेर गेलो. त्यानंतर त्या दोघांची भेट नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. बाईंनी मात्र जिंकल्याचं काही दाखवलं नाही. अकरा सेकंद संपले आणि बेस गिटार सुरू झाली. चार सूर. पुन्हा तेच चार सूर.

काका ताठ बसले. "हे काय?"

"ही पुढची तेरा मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "शेवटपर्यंत असंच आहे. तुम्हाला माहीत नाही?"

"मला वाटलं, मी गेल्यावर बंद केलं असेल." ते पुढे वाकले. चार सूर आले आणि गेले. मग थोडी मोकळी जागा. पुन्हा चार सूर, पुन्हा मोकळी जागा. मागून गिटार अगदी दबकत साथ देत होती.

"त्याला पुढचं सुचत नव्हतं का हो?" बाईंनी विचारलं. आवाजात भांडण उरलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सुचायचा प्रश्नच नाही. ही माझी खूण आहे," काका म्हणाले. "कुठलंही गाणं असो, हे चार सूर त्यानं वाजवले की मी आत शिरायचो. आमचं ठरलेलं होतं."

तिघं ऐकत राहिले. बेसवाला तीच खूण देत होता, थांबत होता, पुन्हा देत होता. एकदा तर तो इतका थांबला की संपलं असं वाटलं. मग परत चार सूर आले, आधीपेक्षा सावकाश.

"तुम्ही लगेच घरी गेलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! जिन्यात बसलो होतो. राग होताच, पण कुणीतरी बोलवायला येईल असं वाटत होतं. पंधरा-वीस मिनिटं तरी बसलो असेन. कुणी आलं नाही, मग गेलो."

रेकॉर्ड संपली. सुई नुसती खरखरत फिरत होती. ती उचलायला डॉक्टर उठले नाहीत, बाईही उठल्या नाहीत.

"स्टुडिओ मोठा नामी होता हो," काका काही वेळानं म्हणाले. "दार एकदा लागलं की आतलं बाहेर काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही."