वाऱ्याकडची बाजू

जहाजावर वाऱ्याकडची बाजू कप्तानाची. तो डेकवर आला की बाकीच्यांनी मुकाट्यानं पलीकडे सरकायचं. फ्रान्सच्या राजाच्या आरमारात एर्वेची सगळी हयात सरकण्यातच गेली. बड्या घराण्यांतली कालची पोरं कप्तान झाली. त्याला ते पद मिळालं निवृत्तीच्या दिवशी. अंगावर जरीचा कोट, हाताखाली जहाज नाही! रविवारी तो बायकोबरोबर, पेरिनबरोबर, सँ-मालो बंदराच्या तटबंदीवर फिरायला गेला. समुद्रावरून वारा भणाणत होता. एर्वे सवयीनं तिच्या पलीकडे सरकला आणि पेरिनची टोपी उडता उडता वाचली. "अहो, वारा अडवायला नवरा केला मी! आणि तुम्ही माझ्याच आडोशाला?" ओशाळून तो वाऱ्याकडच्या बाजूला आला. खारा वारा तोंडावर आदळला. बरं वाटलं. "ही जागा कप्तानाची," तो हसला, "पण जहाज?" पेरिननं त्याचा दंड धरला. "हे काय! घराकडे वळवा. जपून हं, जहाजाचे गुडघे दुखतात."