झाकणावरचं सील

"एकाच घरात राहता म्हणून बाटल्यांची अदलाबदल चालायची नाही," नर्सबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा भावाने हात जोडले.

"बाई, ही ताई मला आपल्या कपातला चहा देत नाही, गोळी कुठली देतेय."

खरं तर लहानपणापासून ताईच्या ताटातला निम्मा घास त्याच्याच पोटात गेला होता.

दोघांना एकच दुखणं होतं, वडिलांकडून आलेलं. स्नायू हळूहळू निकामी व्हायचे आणि सुरुवात बोटांपासून. ताई पुस्तकं बांधायची, भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. म्हणजे घाला थेट पोटावर. नवं औषध निघालं होतं, पण त्याची अजून चाचणी चालली होती. चाळीस रुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. ते प्रत्येकाच्या नावाच्या बंद पाकिटात होतं.

"काही लपवू नका," नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही जे सांगाल त्यावरच ठरणार, औषध गुणाचं की घाताचं."

महिन्याभरात ताईचं तोंड कडू झालं, अंगाला खाज सुटली. भाऊ मात्र ठणठणीत. आपल्याला साखरेची गोळी लागली म्हणून तो थट्टा करायचा. ताईला हसू येईना. खरं औषध आपल्याकडे आलं आणि तो कोरडाच राहिला, हे तिच्या मनाने पक्कं घेतलं. तिच्या मागेपुढे कोणी नव्हतं. त्याला बायको होती, कॉलेजात जाणारी मुलगी होती, आणि त्या पोरीच्या बोटांतूनही आताशा पेन निसटायला लागलं होतं.

दर महिन्याला दोन बाटल्या मिळायच्या. झाकणावर क्रमांक घातलेलं कागदी सील. बाटल्या आणायचं काम ताईने आपल्याकडे घेतलं. दुकानात किटलीच्या वाफेवर ती सील सोडवायची, गोळ्या इकडच्या तिकडे करायची आणि पुस्तकबांधणीच्या खळीचं बोट फिरवून सील होतं तसं बसवायची. तीस वर्षं पुठ्ठे उकलण्यात मुरलेला हात तो. डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या भावालाही कधी शंका आली नाही.

तिची खाज थांबली. चौथ्या महिन्यात भावाने केसाएवढी स्प्रिंग पहिल्याच चिमटीत बसवली आणि ताईला हाक मारून दाखवली. ताई मोरीत जाऊन रडली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

सहाव्या महिन्यात त्याचे डोळे पिवळे झाले.

रुग्णालयात डॉक्टरांनी तातडीने त्याचं पाकीट फोडलं आणि आतला कागद वाचला. "गोळीचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "खुशाल चालू ठेवा." म्हणजे औषध निर्दोष, असं समजून ताईच्या जिवात जीव आला. उशाशी बसून ती स्वतःच्या हाताने त्याला गोळी भरवत राहिली. पंधराव्या दिवशी तो गेला. यकृत पार निकामी झालं होतं. ही कसली कावीळ, ते शेवटपर्यंत कोणाला सांगता आलं नाही.

भावजय मुलीला घेऊन माहेरी राहायला गेली. ताई एकटी उरली. आपण हात आखडता घेतला नाही, एवढ्या एकाच समाधानावर ती दिवस ढकलत होती.

दोन वर्षांनी चाचणीचा निकाल सांगायला नर्सबाईंनी बोलावणं धाडलं. आता सगळं कबूल करून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच ताई गेली. तिने तोंड उघडलं, तोवर नर्सबाईंनी यादी पुढे सरकवली.

"औषध तुम्हालाच होतं बघा. भावाला साधी गोळी होती. पण औषध यकृताला बाधतं की काय, ही शंका त्यांच्या जाण्याने कायमची मिटली. यकृत गेलं ते साध्या गोळीवरच्या माणसाचं. औषध घेणाऱ्यांत एकाचंही नाही. म्हणून तर मंजुरी मिळाली."

ताईने यादीतल्या भावाच्या नावावर बोट ठेवलं.

तेवढ्यात दार ढकलून भाची आत आली, या महिन्याची बाटली न्यायला. तिने नर्सबाईंचं पेन उचललं, चिमटीत घट्ट धरून वहीत झरझर सही केली आणि हात आत्यापुढे नाचवून दाखवला.

"महिनाच झालाय गोळी सुरू करून," ती म्हणाली. "तोंड तेवढं कडू होतं गं, आत्या."