काढता येणारं हूड

जीपचं हूड घरीच शिवलं तर विपुलचे दोन फायदे होते: विकतच्याचा खर्च वाचणार आणि कर्जतच्या जीपवाल्यांत नाव होणार. त्याने जाड ताडपत्री बायकोच्या शिलाई मशीनवर टाकली. “कापडच हाय गं, विनिता.” “तुमची चामडीपण कापडच. घालू सुईखाली?” म्हणत ती शिवायला बसली. चौथ्या घडीला मशीन अडलं ते कायमचंच. उरलेली शिवण तिने दाभणाने घातली. लग्नसराईचे अठरा ब्लाउजपीस गिऱ्हाइकं परत घेऊन गेली. रविवारी विपुलने हूड जीपवर दोऱ्यांनी बांधलं. पहिलेच पर्यटक म्हणाले, “दादा, छत काढा ना, रील करायचंय.” दोन मिनिटांत निघालेलं बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून हूड बंद मशीनवर पांघरलेलं असतं. “बघ, आलं ना कामाला,” विपुल म्हणतो. विनिता तोवर चपला घालून उंबरठा ओलांडते. तिला फार्महाउसवर भांडी घासायला पोहोचायचं असतं.