तिसरं पाणी

बावीस वर्षांनी हर्कमान कालिम्पोंगच्या हाटामागच्या त्या बुटक्या खोलीत शिरला, तेव्हा दारावरचा पडदा तोच होता, चुलीचा धूर तोच होता आणि गुत्ता चालवणाऱ्या म्हाताऱ्या आमाची जीभही तीच होती.

"केस गेले, पोट आलं. अक्कल आली का रे?"

"ती इथंच विसरलो होतो, आमा. न्यायला आलोय."

कॉलेजच्या दिवसांत त्याला आणि फुर्बूला मिळून एकच तोंगबा परवडत असे. बांबूच्या भांड्यात आंबवलेली नाचणी, वरून पुन्हा पुन्हा ओतायचं कढत पाणी आणि ओढायला एकच नळी. पहिलं पाणी फुर्बूचं, दुसरं हर्कमानचं. सर्वांत गोड त्या तिसऱ्यावरून मात्र रोज भांडण. पुढे एका निवडणुकीत दोघांच्या हाती निराळे झेंडे आले आणि भांडण खरं झालं. आज फुर्बूच्या दारापर्यंत जाऊनही कडी वाजवायचा धीर हर्कमानला झाला नव्हता.

"एक तोंगबा दे," तो म्हणाला.

आमानं कोपऱ्यातल्या बाकावरचा अर्धा प्यालेला तोंगबा उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"उष्टा?"

"फुर्बूचा. दर हाटाला येतो, दोन पाणी पितो नि उठतो. मी म्हणते, मेल्या, नाचणीत अजून जीव आहे. तर म्हणतो, असू दे, तिसरं हर्कमानचं. बावीस वर्षं फेकतेय मी ते."

तिनं किटली कलती केली. नाचणीतून वाफ उठली. हर्कमाननं नळी धरली, तशी आमानं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"थांब! मुरू दे जरा. तोवर त्याला हाक मार, अजून चढावरच असेल तो."