न उघडलेली चिठ्ठी

चंपाच्या पदराच्या गाठीत आपलीच चिठ्ठी आहे, याबद्दल गिरिजाबाईंना तिळमात्र शंका नव्हती. कॅलेंडरच्या पानाचा तो निळा तुकडा त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला होता.

नवघरच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत रीतच तशी. गुरुवारी प्रत्येकाने आपलं गाऱ्हाणं बिननावाच्या चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, आणि दुसऱ्या कुणाची तरी चिठ्ठी उचलून आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना करायची. मासळी विकणाऱ्या चंपाला लिहिता-वाचता येत नाही. तिची चिठ्ठी पास्टर लिहून देत. पण उचललेली चिठ्ठी तिला वाचून कोण दाखवतं? एकदा गिरिजाबाईंनी स्वतःहून 'वाचून दाखवू का?' असं विचारलं, तर म्हणाली, "नको ताई." तेव्हापासून त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती.

आणि या खेपेला चिठ्ठीत होतं तरी काय! 'सुनेशी तीन महिने अबोला. चूक माझी. कबूल करवत नाही.' बाप्तिस्म्याच्या वर्गात क्षमेचा धडा शिकवणाऱ्या बाईची ही चिठ्ठी! मासळीबाजारात कुणी वाचली, की दुपारपर्यंत गावभर बोभाटा.

म्हणून शनिवारी सकाळीच त्या चंपाच्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. उद्या चंपाचा बाप्तिस्मा. ती तयार आहे की नाही, हे पास्टरना त्यांनीच सांगायचं होतं. मनातून त्यांनी 'नाही' ठरवूनच टाकलं होतं.

"प्रेज द लॉर्ड, ताई! बोंबील देऊ?"

"बोंबील राहू दे. गुरुवारची चिठ्ठी कुणाकडून वाचून घेतलीस?"

"कोणाकडून न्हाय."

"खोटं बोलू नकोस. काय लिहिलंय ते कळल्याशिवाय प्रार्थना करतेस कशी?"

चंपाने हात पुसले आणि पदराची गाठ सोडली. निळी चिठ्ठी तळहातावर ठेवून तिने मूठ मिटली.

"अशी धरते. म्हणते, बाबा, मना वाचता येत न्हाय, तुला येतंय. ज्याचं हाय, त्याला दे. आन दुसऱ्याला कशाला वाचायला देऊ? त्याचं दुखणं हाय ना ते."

गिरिजाबाईंनी मूठ निरखून पाहिली. सोंग करत असेल का? मग चिठ्ठीची घडी पाहिली. त्यांनी नखाने दाबून घातलेली घडी जशीच्या तशी होती. त्यांना हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

"तुमच्याकडं कोणाची आली, ताई?"

"आशाची. तिचं ते लफ्फेदार अक्षर मी कुठेही ओळखेन. नवऱ्याचं..."

नवऱ्याचं काय, ते त्या कालच मंडळीतल्या विमलाबाईंना सांगून बसल्या होत्या. प्रार्थनेसाठीच हं, असं वर म्हणूनही झालं होतं.

चंपा मान खाली घालून पुन्हा बोंबील लावू लागली. ऐकलं न ऐकलंसं करून तिने साधंच विचारलं,

"मग काय मागितलं तिच्यासाठी?"

शेजारच्या पाटीवर गिऱ्हाईक भावावरून हुज्जत घालत होतं. पास्टरना चंपाबद्दल काय सांगायचं, ते गिरिजाबाईंचं आता ठरलं होतं. स्वतःबद्दल काय सांगायचं, ते ठरायचं होतं.

त्यांनी पर्समधून आशाची चिठ्ठी काढली आणि चंपासारखीच मुठीत धरू पाहिली. पुन्हापुन्हा उघडून, वाचून तिच्या घड्या कापसासारख्या मऊ पडल्या होत्या. मधोमध तर ती फाटत आली होती.