कान तुटलेला कप

“कान तुटलेला कप ज्याच्यापुढे ठेवशील, त्याला आम्ही उचलू. संध्याकाळी तुझा मुलगा घरी,” फौजदार म्हणाला.

“सायेब, सुपडूनी काहीच करेल नई,” तोतारामनं हात जोडले.

“मला ठाऊक आहे.”

सुपडूला कोठडीतच सोडून तोताराम हॉटेलात परतला.

संयुक्त महाराष्ट्राची हातानं लिहिलेली पत्रकं रोज सकाळी धुळ्याच्या भिंतींवर दिसत. लिहिणारा तोतारामच्या हॉटेलात चहाला येतो, एवढंच पोलिसांना कळलं होतं. तो कोण, हे तोतारामलाही कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला कशाला हवं? अख्खं हॉटेल दणाणून सोडणारा चुडामण तिथं एकच होता. आणि त्याची बायको परवाच बाळंत झाली होती.

दुपारी मंडळी जमली. दाराजवळ दोन अनोळखी माणसं भजी चिवडत बसली होती. कोपऱ्यात पेन्शनर जीवराम मास्तर. शिकवणं सुटलं तरी त्यांच्या बोटांची शाई काही सुटली नव्हती. ते पॅरिसच्या कॉफीगृहांची गोष्ट सांगत होते.

“राज्यक्रांती तिथंच शिजली. एक जण टेबलावर चढून ओरडला, तो सगळ्यांच्या लक्षात राहिला. लिहिणारे आपले कोपऱ्यात कॉफी पीत बसायचे. आणि शेजारच्या टेबलावर राजाचे हेर.”

“मंग आपलं हाटेल बी पॅरिसच शे!” चुडामण चक्क टेबलावर चढला. सगळे हसले. दाराजवळचे दोघेही हसले.

तोताराम आत गेला. कान तुटलेला कप घरच्या माणसांचा. गिऱ्हाईकाला तो दिला तर अपमानच. त्यानं त्यात चहा ओतला. चुडामणला द्यावा, तर तान्ह्या लेकराचा तळतळाट. कुणालाच न द्यावा, तर सुपडू.

मग त्याला वाट सापडली. मास्तर एकटे, म्हातारे. गावातले निम्मे वकील त्यांच्या हातचा मार खाल्लेले. चौकशी होईल, चूक कळेल, मानानं घरी पोचवतील. तोवर सुपडू सुटलेला असेल.

त्यानं कप मास्तरांपुढे ठेवला.

“ल्या मास्तर, चहा ल्या.”

दाराजवळचे दोघे उठले.

मास्तरांनी कपाकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे. चष्मा काढून खिशात ठेवला.

“तोताराम,” ते हळूच म्हणाले, “तुला कधी कळलं रे?”